‘क्लॅन्डेस्टिन’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: मी सोलापुरात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भाषांतराच्या सरावात एक वाक्य होतं. आरोपींनी गोदामात ‘क्लॅन्डेस्टिन मीटिंग्ज’ घेतल्या, असा त्याचा आशय. मी ‘गोपनीय बैठका’ लिहिलं आणि सरांनी त्यावर लाल रेघ मारली. शब्दकोशात तर ‘गुप्त, गोपनीय, छुपा’ हे अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत. मग माझं चुकलं काय? आणि सिक्रेट, कॉव्हर्ट, क्लॅन्डेस्टिन यांत फरक तो काय?

उत्तर:

सरांची रेघ बरोबर आहे. तुमची चूक मात्र मी पुष्कळ जाणत्या लोकांच्या कागदांत पाहिली आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. गेली सव्वीस वर्षं मी सोलापुरात इंग्रजी-मराठी कागदांची भाषांतरं करतो. खरेदीखतं, फिर्यादी, वारसाचे दावे, कराच्या नोटिसा असं सगळं हातून जातं. या एका शब्दापायी एक माणूस नको तो कबुलीजबाब लिहून बसला होता. आधी तेच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतले एक टॉवेलवाले हातात नोटीस घेऊन आले. कारखान्यातून मालाचं ‘क्लॅन्डेस्टिन रिमूव्हल’ झालं, असा त्यांच्यावर आरोप होता. त्यांच्या भाच्याने शब्दकोश उघडून मराठी करून दिलं होतं : ‘तुम्ही माल गुप्तपणे बाहेर काढला.’ ते वाचून शेठजी निर्धास्त होते. मला म्हणाले, “हे खरंच आहे की ओ. नवीन डिझाइनचा माल आम्ही गुप्तच ठेवतो. प्रदर्शनाच्या आधी शेजारच्या मागवाल्याला दिसला, तर आठ दिवसांत बाजारात नक्कल येते.” आणि त्यांनी उत्तराचा मसुदाही करून आणला होता. त्यात लिहिलं होतं, होय, माल आम्ही गुप्तपणे हलवला, धंद्याची ती गरज आहे.

तो मसुदा तसाच गेला असता तर काय झालं असतं, ते बघा. कराच्या नोटिसांत आणि निकालांत हा शब्द केंद्रीय उत्पादन शुल्काच्या काळापासून ठरलेल्या अर्थाने येतो. बिल न फाडता, वहीत नोंद न करता, कर न भरता माल दाराबाहेर काढणं, हा तो अर्थ. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जुना कायदा बहुतेक मालापुरता संपला, पण शब्द नोटिसांच्या भाषेत तसाच राहिला. हा आरोप इतका जड मानतात की नुसत्या संशयावर तो टिकत नाही, असं न्यायाधिकरणांनी वारंवार सांगितलं आहे. कच्चा माल किती लागला, वीज किती जळली, गाडी कुणाची होती, माल घेतला कुणी, पैसे कसे आले, असा पुरावा खात्यालाच उभा करावा लागतो. आणि इथे शेठजी स्वतःच्या सहीने तो पुरावा द्यायला निघाले होते. शेजाऱ्यापासून डिझाइन लपवणं आणि सरकारपासून माल लपवणं, या दोन्ही गोष्टी ‘गुप्तपणे’ या एका शब्दात मावल्या, म्हणून हा घोळ झाला. त्यांची बिलं, नोंदी सगळं जागेवर होतं. उत्तर नव्याने लिहिलं, त्यात ‘चोरट्या मार्गाने माल बाहेर काढल्याचा आरोप आम्हांस मान्य नाही’ असं पहिलं वाक्य घातलं आणि बिलांच्या प्रती जोडल्या.

यावरून शब्दाचं मर्म सांगता येतं. क्लॅन्डेस्टिन गोष्ट लपवलेली असतेच. पण ती कुणापासून लपवली आहे, हे त्या शब्दाच्या पोटात असतं. ज्याला कळलं तर तो थांबवेल, निदान थांबवण्याचा अधिकार किंवा ताकद ज्याच्याकडे आहे, त्याच्यापासून लपवलेली. सरकार, आईवडील, नवराबायको, मालक, परकी सत्ता, कुणीही असेल. असा एक ‘थांबवणारा’ डोळ्यांसमोर उभा राहत नसेल, तर तिथे हा शब्द बसत नाही.

‘सिक्रेट’ला अशी अट नाही. चटणीच्या मसाल्याचं प्रमाण सिक्रेट असू शकतं, मनातली इच्छा असू शकते, वाढदिवसाची भेटवस्तू असू शकते. यातलं काहीच क्लॅन्डेस्टिन नाही. आणखी एक गोष्ट बारकाईने बघा. क्लॅन्डेस्टिन हे विशेषण करण्याला लागतं, कृतीला, व्यवहाराला, किंवा तशा व्यवहारासाठी उभ्या केलेल्या जागेला नि साधनाला. भेट, बैठक, लग्न, वाहतूक, छापखाना, रेडिओ, अंमली पदार्थांची प्रयोगशाळा, यांच्यामागे ते शोभतं. इच्छा, दुःख, पाककृती, पासवर्ड यांच्यामागे नाही. त्यात थोडी योजना असते आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त माणसं असतात. ब्रिटनच्या १९९९ च्या स्थलांतरविषयक कायद्यात ट्रकच्या मागे दडून देशात शिरणाऱ्याला ‘क्लॅन्डेस्टिन एन्ट्रंट’ म्हटलं आहे. तिथेही शब्द त्या माणसाच्या स्वभावाबद्दल काही म्हणत नाही, शिरण्याच्या रीतीबद्दल म्हणतो.

उच्चाराचं एका ओळीत : जोर सहसा ‘डेस्’वर, शेवट ‘टिन’ किंवा ‘टाइन’, दोन्ही चालतात.

आता तुमचं ‘गोपनीय’. गोपनीय म्हणजे जे राखायचं आहे, ज्याची गुप्तता पाळणं हेच कर्तव्य आहे. नोकरीतला गोपनीय अहवाल, मतपत्रिका, वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं. इंग्रजीत याला कॉन्फिडेन्शियल म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी विश्वास आहे. तुम्ही आरोपींच्या बैठकांना गोपनीय म्हटलंत, तेव्हा त्या बैठकांना एक प्रकारची मान्यता देऊन टाकलीत. जणू काही संचालक मंडळाची बैठक होती आणि इतिवृत्त सीलबंद होतं. सरकारी वकिलाच्या कागदात ते चालणार नाही. १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टला मराठीत ‘शासकीय गुपिते अधिनियम’ म्हणतात. तिथे ‘गुपित’ हा शब्द नेमका आहे, कारण ती राखण्याची वस्तू आहे.

‘गुप्त’ची गोष्ट जरा वेगळी आणि मला फार आवडणारी. संस्कृतातला ‘गुप्’ हा धातू रक्षण करण्याचा. गोप, गोपाल यांच्या घरचाच. म्हणजे गुप्त या शब्दाचा पहिला अर्थ ‘राखलेलं, सांभाळलेलं’, आणि सांभाळलेलं म्हणून मग लपलेलं. त्यामुळे मराठीत गुप्त शब्दाला अजूनही एक सात्त्विक बाजू आहे. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या दानपेटीत कुणी नोटांची घडी टाकतो, पावती घेत नाही, नाव सांगत नाही. ते गुप्तदान, आणि त्याचं पुण्य जास्त मानलं जातं. त्याचं इंग्रजी ‘क्लॅन्डेस्टिन डोनेशन’ असं कुणी केलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की ही लाच होती किंवा पक्षाला दिलेला काळा पैसा होता. पैसे तेच, पेटी तीच. फक्त इंग्रजी शब्दाने एक थांबवणारा आणून उभा केला, जो मुळात नव्हता.

लॅटिनकडे वळलं तर क्लॅन्डेस्टिनच्या मुळाशी ‘क्लाम’ हे अव्यय आहे, अर्थ ‘लपवून, नकळत’. झाकणे, लपवणे याच कुळातलं. इंग्रजीत शब्द सोळाव्या शतकात आला. सिक्रेटचं मूळ निराळं : वेगळं करणं, चाळून बाजूला काढणं. पीठ चाळताना कोंडा बाजूला काढतात तसं. चारचौघांतून बाजूला ठेवलेलं ते सिक्रेट. कॉव्हर्ट म्हणजे सरळ झाकलेलं, ‘कव्हर’चा भाऊ. फर्टिव्ह लॅटिनमधल्या चोरावरून आलाय, आणि स्टेल्थ इंग्रजीतल्या चोरण्यावरून.

या चोराशी थोडं थांबावंसं वाटतं, कारण सोलापुरात राहणाऱ्याला ते घरबसल्या दिसतं. आपण मराठीत म्हणतो ‘चोरून भेटले’, ‘चोरून खाल्लं’. काहीही चोरलेलं नसतं, तरी ‘चोरून’. आपल्याकडचे कन्नड बोलणारे म्हणतात ‘कद्दुमुच्ची’. कद्दु म्हणजे चोरून, मुच्ची म्हणजे झाकून. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू चालतं, तिथे ‘दोंगचाटुगा’ ऐकू येतं. दोंग म्हणजे चोर, चाटु म्हणजे आडोसा. एकाच गावात तीन भाषा, आणि तिन्हींत लपून काही करणाऱ्याला चोराची चाल दिली आहे. क्लॅन्डेस्टिनमध्ये तो चोर नाही. तिथे फक्त लपवणं आहे. एवढ्याशा फरकाने भाषांतरकाराचं काम अवघड होतं. मी आजवर ज्या ज्या वेळी या शब्दापाशी अडलो, त्या प्रत्येक वेळी अडचण हीच होती : इंग्रजी शब्द नापसंती सुचवतो, पण ती कुणाची ते सांगत नाही. मराठीत मात्र शब्द निवडला की बाजू निवडली जाते.

१९४२ चं उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये चले जावचा ठराव झाला, नेते पकडले गेले, आणि मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ‘भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून’ अशी घोषणा करून तो बोलायचा, आणि पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा बदलत राहायचा. नोव्हेंबरमध्ये धाड पडली, उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. इंग्रजी पुस्तकांत याला ‘क्लॅन्डेस्टिन रेडिओ’ म्हणतात. सरकारी वकीलही म्हणू शकतो, चळवळीचा इतिहास लिहिणाराही म्हणू शकतो. आता मराठी करा. ‘चोरटा रेडिओ’ लिहिलंत तर तुम्ही इंग्रज पोलिसाच्या खुर्चीत जाऊन बसलात. ‘भूमिगत रेडिओ’ लिहिलंत तर कार्यकर्त्यांच्या शेजारी. मराठीत ‘भूमिगत’ हा शब्द त्या काळातून आदर घेऊन आलेला आहे, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या आठवणींसकट. मध्ये कुठे बसायचं असेल तर ‘गुप्त रेडिओ केंद्र’.

आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. अशा दिवसांत चार माणसं एखाद्या वाड्यात बसली, तर सरकारी टिपणात ती बैठक एका शब्दाने लिहिली जाते आणि गावाच्या बोलण्यात दुसऱ्या. जुने कागद मराठीत आणताना मी आधी बघतो की टिपण कुणाच्या हातचं आहे. अधिकाऱ्याचं असेल तर ‘छुप्या बैठका’ लिहितो, कारण त्याची नजर भाषांतरात दिसलीच पाहिजे. ती पुसून तिथे ‘भूमिगत’ घालणं म्हणजे मूळ कागद बदलणं.

तीच गोष्ट १६६६ ची. महाराज आग्र्याहून निघाले ते पहारेकऱ्यांच्या नकळत, बादशहाला कळलं असतं तर थांबवलं असतं, म्हणजे माझी वरची अट पूर्ण होते. इंग्रजीत तिथे क्लॅन्डेस्टिन लिहिता येईल. मराठीत ‘आग्र्याहून सुटका’ हाच शब्द आहे, फार तर ‘निसटले’. ‘चोरून पळाले’ असं लिहायला मराठी माणसाचा हात उठणार नाही, आणि तो उठू नये.

आता लग्न. क्लॅन्डेस्टिन शब्दाला कायद्यातली जुनी ओळख लग्नानेच मिळाली. अठराव्या शतकात लंडनमध्ये फ्लीट तुरुंगाच्या आसपास कुणालाही झटपट लग्न लावून देणारे पाद्री असत. ना चर्चमधली जाहीर घोषणा, ना घरच्यांची संमती. ते थांबवायला १७५३ मध्ये कायदा झाला, त्याच्या लांबलचक नावातच ‘क्लॅन्डेस्टिन मॅरेजेस’ असा शब्द आहे. घोषणा किंवा परवाना, चर्च, आणि नोंदवही या गोष्टी त्याने सक्तीच्या केल्या. म्हणजे तिथे क्लॅन्डेस्टिनचा अर्थ ‘ज्याची वर्दी समाजाला आणि कायद्याला दिलीच नाही असं’.

हे माहीत असल्यामुळे एकदा माझा हात वेळेवर थांबला. एका वडिलांनी मराठीत तक्रार लिहिली होती, ‘माझ्या मुलीने चोरून लग्न केले’. वकिलांना इंग्रजी हवं होतं. सरळ शब्दाला शब्द लावला तर ‘क्लॅन्डेस्टिन मॅरेज’ होतं. पण सोबतचे कागद बघितले तर लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेलं. त्या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, विवाह अधिकारी ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतो आणि तीस दिवस थांबावं लागतं. महिनाभर भिंतीवर लावलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने लपलेली कशी? वडिलांना कळलं नाही हे खरं, त्यांचं दुःखही खरं. मी इंग्रजीत ‘कुटुंबाच्या माहितीशिवाय’ एवढंच लिहिलं. वकिलांना ते मिळमिळीत वाटलं. मी म्हणालो, वडिलांच्या तोंडचं वाक्य अवतरणात तसंच ठेवा, पण तुमच्या स्वतःच्या निवेदनात तो शब्द वापरू नका. समोरचा वकील नोटिशीची प्रत काढेल आणि तुमचा शब्द तुमच्यावरच उलटेल.

कॉव्हर्टबद्दल तुम्ही विचारलंय. रोजच्या इंग्रजीत कॉव्हर्ट आणि क्लॅन्डेस्टिन एकमेकांच्या जागी सर्रास येतात, तेव्हा फार ताणू नका. हेरखात्याच्या आणि लष्कराच्या भाषेत मात्र त्यांत पक्का फरक आहे. कॉव्हर्टमध्ये घडलेलं जगाला दिसतं, पण करणारा हात झाकलेला असतो. क्लॅन्डेस्टिनमध्ये घडणंच झाकलेलं असतं. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबाच्या बे ऑफ पिग्सवर उतरलेली माणसं सगळ्यांना दिसत होती. अमेरिका मात्र आपला हात नाकारत होती. ते कॉव्हर्ट. उलट १९६५ मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकी आणि भारतीय गुप्तचर संस्थांनी मिळून प्लुटोनियमवर चालणारं उपकरण नंदादेवी शिखरावर न्यायचा प्रयत्न केला. वादळामुळे ते वाटेत ठेवून परतावं लागलं, पुढच्या वर्षी ते सापडलं नाही, आणि देशाला याचा पत्ता लागला तो थेट १९७८ मध्ये. अशी काही मोहीम झाली हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ते क्लॅन्डेस्टिन. मराठीत मी कॉव्हर्टसाठी ‘प्रच्छन्न’ किंवा ‘पडद्याआडून’ वापरतो. ‘पडद्याआडून’ जास्त आवडतो, कारण खेळ दिसतो, बाहुली नाचवणारा दिसत नाही.

फर्टिव्ह आणि सरेप्टिशस हे दोघं लहान हालचालींचे शब्द. ‘चोरटी नजर’ म्हटलं की फर्टिव्ह झालं, त्यात शरीराची भीती आहे. भाषण चालू असताना कुणाच्या लक्षात येऊ न देता घड्याळ बघणं सरेप्टिशस. मराठीत ‘हळूच’ पुरतं. घड्याळ बघण्याला क्लॅन्डेस्टिन म्हणू नये, कारण त्यात ना योजना ना व्यवहार.

मराठी शब्दांची आपल्याकडे चणचण नाही, उलट निवड करावी लागते. ‘बिनबोभाट’मध्ये काम निर्वेध पार पडल्याचं समाधान आहे. ‘गुपचूप’मध्ये आवाज न करणं आहे, आजी नातवाच्या मुठीत गुपचूप पन्नास रुपये ठेवते. ‘या कानाचं त्या कानाला कळू न देता’ हे सांगायला छान, पण दोषारोपपत्रात नको. ‘खलबत’ म्हणजे मोजक्यांची मसलत, रायगडावर खलबतखानाच आहे. राजाने केलेलं खलबत क्लॅन्डेस्टिन नव्हे, राजाविरुद्ध केलेलं असू शकेल. ‘चोरटा’ हा शब्द आपल्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांनी अगदी नेमका ठेवला आहे. भीमेतून, सीनेतून रात्री निघणाऱ्या वाळूला ते ‘चोरटी वाहतूक’ म्हणतात. ट्रक सगळ्या गावाला दिसतो, ऐकू येतो, तरी चोरटा, कारण ज्याला परवाना दाखवायचा त्याच्यापासून तो लपवलेला. क्लॅन्डेस्टिनचा करचुकवेगिरीतला आणि तस्करीतला अर्थ याहून चांगला मला कुठे मिळालेला नाही.

तुमच्या वाक्याकडे येतो. आरोपी आहेत, गोदाम आहे, कागद फिर्यादी पक्षाचा आहे. थांबवणारे पोलीस. तेव्हा ‘आरोपींनी गोदामात छुप्या बैठका घेतल्या’ असं लिहा. ‘गोदामात लपूनछपून बैठका घेतल्या’ हे साक्षीदाराच्या तोंडी जास्त नैसर्गिक वाटेल, तर जबाबात ते वापरा. ‘गुप्त बैठका’ लिहिलं असतंत तर सरांनी बहुधा सोडून दिलं असतं, मीही रेघ मारली नसती. ‘चोरट्या बैठका’ मात्र नको, चोरटा हा शब्द मालाला, वाहतुकीला, नजरेला लागतो, बैठकीला लागत नाही. आणि तोच कागद बचाव पक्षाच्या बाजूने मराठीत करायचा असेल, तरी ‘छुप्या’च ठेवा, आरोप ज्या जोराने केला आहे त्याच जोराने आरोपीला तो वाचता आला पाहिजे, नाहीतर त्या टॉवेलवाल्यांसारखं तो नको त्या गोष्टीला होय म्हणून बसेल.